जिनिंगमधल्या मजुरांचा दमा आणि 'साफ' एक्स-रे

पैनगंगा

दसरा झाला की आमच्या तालुक्यातली जिनं (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) सुरू होतात आणि ऊन तापेपर्यंत चालतात. हंगाम आत्ता लागतोय, म्हणून धागाही आत्ताच काढते आहे.

माझे बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनात रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर होते. आईसुद्धा बरेच हंगाम तिथेच होती, झाडायला आणि रुई गोळा करायला. बाबांना आता थोडी चढण लागली तरी थांबावं लागतं. पहाटे खोकल्याची उबळ येते, छाती आवळल्यासारखी होते. टीबीची शंका घेऊन थुंकी तपासली, काही निघालं नाही. एक्स-रे साफ आला. मग 'बिडी सोडा' असा सल्ला मिळाला. बाबांनी आयुष्यात बिडी ओढलेली नाही. इतक्या दवाखान्यांत एकानेही विचारलं नाही की तुम्ही काम काय करता.

ज्यांनी जिन आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शेतकऱ्याचा कापूस आवारातल्या गंजीवर पडतो. तिथून तो टोपल्यांनी, किंवा नव्या जिनात हवेच्या पाइपातून, रेच्यांकडे जातो. आपल्याकडे बहुतेक डबल रोलर रेचे आहेत. रुई रोलरला धरून पुढे जाते, सरकी खाली पडते. १०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, तिची प्रेसमध्ये १७० किलोची गाठ बांधतात. या सगळ्यात हवेत जे पांढरं उडताना दिसतं, भुवयांवर आणि केसांवर बसतं, ते तंतू बहुतांशी नाकातच अडकतात. छातीत उतरते ती न दिसणारी धूळ. बोंडाखालच्या वाळलेल्या पानांचा चुरा, माती, बुरशी, आणि त्या पानांवर वाढलेल्या जीवाणूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन नावाचं द्रव्य त्यात असतं. श्वासनलिका सुजते ती मुख्यतः त्याने. म्हणून भिजलेला कापूस, कवडी (किडका, कडक कापूस), फरदडीचा (हंगामानंतर राखलेल्या झाडांचा) पत्ती-काडीवाला माल आला की त्रास जास्त, हे कुठलाही जुना मजूर सांगेल.

या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. जवस आणि भांगेच्या झाडांचे तंतू पिंजणाऱ्यांचा खोकला व दमा इटलीतल्या रामाझिनी या डॉक्टरांनी १७०० साली आपल्या ग्रंथात नोंदवला होता. पुढे लँकशायरच्या गिरण्यांमध्ये त्याची ठळक खूण सापडली: रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळते, मंगळवारी जरा बरं वाटतं. मग काही वर्षांनी सगळेच वार सोमवारसारखे होतात, आणि शेवटी काम सोडलं तरी दम जात नाही.

आता आमच्याकडची अडचण. जिनात ठरलेला रविवार नसतो. कापूस आला तर काम, नाही आला तर बसून. त्यामुळे 'सोमवार' कोणाच्या लक्षातच येत नाही. शिवाय जिन सुरू होतं त्याच सुमारास थंडी पडू लागते, म्हणून पहिल्या आठवड्यातला खोकला थंडीच्या नावावर जमा होतो. मजूर दर हंगामाला वेगवेगळ्या जिनात असतो, हजेरीला पक्कं नाव नसतं.

इथे डॉक्टर आहेत, वकील आहेत, या धंद्यातली माणसं आहेत. तपासणी नेमकी कशी आणि कधी करायची, आणि कायद्याने या लोकांना काय मिळतं, एवढं कळलं तरी पुष्कळ होईल.

हातमजूर

ताई, बराबर लिवलं. मी बी दर सिझनले जिनातच असतो, पाळी १२ घंट्याची. सिझन लागला का नव्या पोरायले पयले चार-दोन दिवस ताप येतेच. आंग दुखते, घसा खवखवते. जुने मानसं म्हनतात आंग धरते, होईन बरं. अन् खरंच उतरते. म्हनून कोनी दवाखान्यात जात नाही. पन ज्यायचे लय सिझन झाले त्यायची छाती भरतेच. झाडू मारनाऱ्या बायायचे हाल सगळ्यात जास्त, खालची सगळी धूळ त्याच उडवतात अन् त्याच खातात. पाळी सुटली का कंप्रेसरच्या हवेनं आंगावरची रुई उडवतो आमी, तेव्हा तं समोरचा मानूस दिसत नाही.

सदाफुली

वाचते आहे. माझे मामा अकोल्याला डाळ मिलमध्ये आहेत, तिथे तुरीच्या फोलपटाची धूळ असते. तेही हेच सांगतात, की एक्स-रे साफ आहे म्हणजे काही नाही. डॉक्टर मंडळींनी कृपया लिहावं.

श्वसनवैद्य

मी छातीविकारतज्ज्ञ आहे, विदर्भातच प्रॅक्टिस करतो. एक्स-रेचा गैरसमज आधी दूर करतो, कारण यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. एक्स-रे फुफ्फुसाचा आकार आणि त्यातले डाग दाखवतो. बिसिनोसिसमध्ये श्वासनलिका आवळतात. डाग पडत नाहीत, गाठी होत नाहीत. त्यामुळे एक्स-रे साफ असणं हेच या आजारात अपेक्षित आहे. सिलिकोसिसमध्ये, म्हणजे दगड-वाळूच्या धुळीच्या आजारात, एक्स-रेवर खुणा दिसतात, म्हणून धुळीचा प्रत्येक आजार तिथे दिसेल असं लोकांना वाटतं.

यासाठी तपासणी आहे स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजणं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या श्वसनरोग विभागात ती होते. पण कधी केली याला फार महत्त्व आहे. माणूस चार दिवस घरी आराम करून माझ्याकडे आला तर सुरुवातीच्या टप्प्यात आकडे जवळपास सरळ येतात. खरी पद्धत अशी: खंडानंतर कामावर जायच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी एकदा आणि पाळी सुटल्यावर एकदा. दोन्हींत १० टक्क्यांहून जास्त घट असेल तर ती दखल घेण्याजोगी आहे, २० टक्क्यांवर गेली तर गंभीर.

जिनाच्या दारात स्पायरोमेट्री कोण नेणार? म्हणून मी पीक फ्लो मीटर सांगतो. प्लास्टिकची नळी आहे, काहीशे रुपयांत मिळते. उभं राहून पूर्ण श्वास घ्यायचा, एका झटक्यात फुंकायचं, तीनदा करून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. कामाआधी, कामानंतर, आणि काम नसलेल्या दिवशीही. दोन-तीन आठवड्यांची अशी वही माझ्यासमोर आली तर मला एक्स-रेच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त कळतं. निदान मात्र स्पायरोमेट्रीनेच पक्कं करायचं.

हातमजूर यांनी सांगितलेला पहिल्या दिवसांतला ताप वेगळा आहे. तो एंडोटॉक्सिनला शरीराने दिलेला पहिला प्रतिसाद, दोन-चार दिवसांत उतरतो. तो आला म्हणजे पुढे बिसिनोसिस होईलच असं नाही. पण तो आला म्हणजे त्या जागेत धूळ भरपूर आहे, एवढं निश्चित.

टीबीची तपासणी करू नका असं मी अजिबात म्हणत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायलाच हवी, आता सीबीनॅट या यंत्रावर ती लवकर होते. पण थुंकी साफ आली म्हणजे काम संपलं, असं धरू नका.

सदाफुली

धन्यवाद डॉक्टर. मामांना पंप दिला होता. पण पंपाची सवय लागते म्हणून ते घेत नाहीत, गोळ्या घेतात. हे बरोबर आहे का?

श्वसनवैद्य

नाही. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनलिकेत पोचतं. गोळीत तेच काम करायला कितीतरी जास्त औषध सगळ्या शरीरातून फिरवावं लागतं. सवय लागत नाही. आजार टिकून असतो म्हणून औषध लागत राहतं. त्यांना स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) लावून घ्यायला शिकवा. पण हेही सांगतो, की धूळ तशीच राहिली तर पंप किती दिवस पुरणार? सुरुवातीच्या टप्प्यात धुळीतून बाहेर पडलं तर माणूस बराचसा पूर्ववत होतो. उशीर झाला की गेलेली ताकद परत येत नाही, पुढची झीज थांबवता येते. बिडी आणि धूळ एकत्र आली तर नुकसान वाढतं. बायकांच्या बाबतीत चुलीचा धूर त्यात भर घालतो, तो प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

कुंदा_वाशीम

आमच्याकडे जिनात पाळी सुटताना गुळाचा खडा देतात. गुळाने छातीतली रुई निघून जाते म्हणतात. यात काही तथ्य?

श्वसनवैद्य

यावर लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या संशोधकांचं १९९४ सालचं काम आहे. उंदरांना कोळशाची आणि सिलिकाची धूळ देऊन काहींना गूळ खाऊ घातला. गूळ खाल्लेल्या उंदरांच्या फुफ्फुसांतून धूळ जास्त बाहेर सरकलेली दिसली. पण ते उंदीर होते, आणि धूळ कापसाची नव्हती. एंडोटॉक्सिनमुळे येणारी सूज गुळाने थांबते असं त्यातून सिद्ध होत नाही. गूळ खुशाल खा, मधुमेह असेल तर जपून. फक्त तो दिला म्हणजे जबाबदारी पार पडली, असं कोणी समजू नये.

गाठीवाला

मी जिनिंगच्या धंद्यात आहे, खानदेशात. धागा वाचून गप्प बसणं बरं वाटलं नाही.

धूळ कमी करता येते. मी केली आहे. कापूस रेच्यावर यायच्या आधी प्री-क्लीनरमधून काढला की पत्ती आणि माती तिथेच निघते. ती हवा सायक्लोनमधून (हवा गरगर फिरवून धूळ खाली पाडणाऱ्या यंत्रातून) बाहेर काढायची, मग शेडमध्ये धूळ राहत नाही. टोपल्या बंद करून हवेच्या पाइपाने कापूस नेला की बायकांच्या डोक्यावरून पडणारी धूळ थांबते. थोडी आर्द्रता ठेवली तर रुईची लांबी टिकते आणि धूळही दबते, यात मालकाचाही फायदा आहे. २००० साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, त्याच्या मदतीने बऱ्याच जणांनी जिनं नवी केली. ज्यांची जुनीच राहिली तिथे परिस्थिती ताईंनी लिहिली तशीच आहे.

अजून एक गोष्ट, जी बाहेर फारशी कोणाला माहीत नाही. जुन्या रोलरवर क्रोम चामड्याच्या चकत्या असायच्या. त्या झिजायच्या आणि घासाव्याही लागायच्या, तेव्हा क्रोमियमयुक्त भुकटी हवेत आणि रुईत जायची. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने क्रोमविरहित रबरी रोलर काढले, त्यांचं नागपूरला जिनिंग प्रशिक्षण केंद्रही आहे. ज्यांच्याकडे अजून जुने रोलर आहेत त्यांनी ते बदलावेत, हे मी मालक म्हणून सांगतो. रोलर घासणाऱ्या माणसाला तर साध्या रुमालावर उभं करूच नये.

अडचण खर्चाची आहे हे खरं. हंगाम चार-सहा महिन्यांचा, व्याज बारा महिन्यांचं. पण झाडूऐवजी व्हॅक्यूम किंवा ओल्या पोत्याने पुसणं, आणि अंगावर कंप्रेसरची हवा मारणं बंद करणं, याला फार पैसा लागत नाही की सरकारी योजना लागत नाही. हातमजूर भाऊंनी लिहिलेलं वाचून आमच्या आवारात कालच कंप्रेसरचा पाइप काढायला लावला.

हातमजूर

शेठ, तुमच्यासारखे मालक कमी हायेत. आमच्याकडं मास्क देल्ला होता एक डाव, निळा पातळ. दोन घंट्यात भिजून जाते, दम कोंडते, मंग सगळे काढून खिशात टाकतात. रुमालच बांधतो आमी.

श्वसनवैद्य

रुमाल, ओढणी, पदर किंवा तो निळा सर्जिकल मास्क, यांतून बारीक धूळ आरामात आत जाते. डोळ्यांना दिसणारे तंतू तेवढे अडतात, म्हणून बरं वाटतं. एन९५ दर्जाचा मास्क हवा, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. तरीही पत्र्याच्या शेडमध्ये, १२ तासांच्या पाळीत तो कोणी सलग लावू शकत नाही, हे मी मान्य करतो. म्हणून आधी गाठीवाले म्हणतात तशी हवा काढायची सोय, आणि मास्क झाडलोट, रोलर घासणं, गंजी उलटणं अशा धुळीच्या कामापुरता. उलट क्रमाने केलं तर सगळा भार मजुराच्या नाकावर येतो.

धानपट्टी

गोंदियाकडून. आमच्याकडे राइस मिल. धानाच्या कुसाने अंगाला खाज आणि डोळ्यांना चुरचुर तर असतेच, पण मला बॉयलरच्या राखेची जास्त भीती वाटते. उसना तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये भुसा जाळतात. भुशात वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के सिलिका असते, जळाल्यावर राखेत बहुतेक तीच उरते, आणि फार तापली तर तिचा काही भाग स्फटिकरूप होतो. म्हणजे सिलिकोसिसवाली. ती राख फावड्याने उपसणारा माणूस उघड्या तोंडाने उभा असतो. राख ओली करून काढा एवढंच सांगायचं आहे.

पंचगंगाकाठ

साखर कारखान्याच्या बगॅस यार्डाबद्दल लिहितो. साठवलेलं चिपाड आत तापतं आणि त्यात उष्णतेत वाढणारे जीवाणू होतात. ती धूळ छातीत गेली की संध्याकाळी, म्हणजे चार ते आठ तासांनी, थंडी-ताप, खोकला, दम. सकाळी बरं वाटतं, म्हणून 'फ्लू' म्हणून सोडून देतात. याला बगॅसोसिस म्हणतात, ही अॅलर्जीची सूज असते. वारंवार झाली तर फुफ्फुस कडक होतं. जुन्या, कोरड्या ढिगाला हात लावण्याआधी त्यावर पाणी मारावं.

निळावंती

मी नॉर्थ कॅरोलिनात राहते. आमच्या आसपासच्या गावांत बंद पडलेल्या सूतगिरण्या आहेत, त्यामुळे या विषयाचा इथला इतिहास वाचला आहे. इथे आजाराला 'ब्राउन लंग' म्हणत. गिरणीमालक बरीच वर्षं असा आजारच नाही म्हणत होते. १९७५ साली कॅरोलिनातल्या निवृत्त, दम लागलेल्या गिरणी कामगारांनी ब्राउन लंग असोसिएशन काढली. गावोगावी फुंकून घ्यायची तपासणी शिबिरं भरवली, त्या नोंदी घेऊन सुनावण्यांना गेले. १९७८ साली सरकारने सूतकताईसाठी हवेच्या घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम धुळीची मर्यादा घातली. गिरणीमालक न्यायालयात गेले, १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. त्यानंतर नव्याने आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण खूप खाली आलं.

पण त्या नियमात लिहिलं आहे की तो कापूस वेचणी आणि जिनिंगला लागू नाही. म्हणजे जिनवाले तिथेही बाहेरच राहिले. पैनगंगा, तुमचा धागा वाचताना ते वाक्य सारखं आठवत होतं.

कामगारवकील

आपल्याकडेही तसंच एक वाक्य आहे, तेच सांगायला आलो. आधी चांगला भाग.

१९४८च्या कारखाने अधिनियमात बिसिनोसिस अधिसूचित (सरकारला कळवायलाच हवेत अशा) रोगांच्या यादीत होता; नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. जुन्या कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे कारखान्याच्या व्यवस्थापकाने तर कळवायचंच, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही मुख्य कारखाने निरीक्षकांना लेखी कळवायचं होतं. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहतं. कच्च्या कापसाच्या धुळीची मर्यादाही त्याच जुन्या कायद्यात घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम दिलेली होती, म्हणजे निळावंती यांनी सांगितलेला तोच आकडा. २०२०च्या नव्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेतही रोगांच्या यादीत बिसिनोसिस आहे. मात्र विजेवर चालणारा कारखाना म्हणायला पूर्वी १० कामगार पुरायचे, आता २० लागतात. लहान जिनं त्यातून निसटू शकतात.

आता ते वाक्य. जुन्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत कापूस धुळीचा आजार होता, बगॅसोसिसही होता. पण हाच कायदा 'हंगामी कारखान्यां'ना लागू होत नव्हता, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत पहिलंच नाव होतं कापूस जिनिंगचं. पुढे साखर आणि गूळही होता. आजार यादीत, पण तो ज्यांना होतो ते कामगार विम्याच्या बाहेर. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाना वगळलेलाच आहे.

म्हणून जिन मजुराला वाट उरते ती नुकसानभरपाईची. १९२३चा कर्मचारी भरपाई कायदा, जो आता त्याच संहितेत घेतला आहे, त्यात हा रोग आहे. दावा साधारणपणे २ वर्षांच्या आत करायचा असतो, उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. आणि खरी लढाई पुराव्याची असते: या माणसाने इथे काम केलं हे कशावरून? हजेरीपत्रक ठेकेदाराकडे, ठेकेदार दरवर्षी नवा.

पैनगंगा

सगळ्यांचे मनापासून आभार. हंगामी कारखान्याचं मला अजिबात माहीत नव्हतं, वाचून संताप आला.

वकीलसाहेब, पुरावा म्हणून काय चालतं? बाबांकडे ओळखपत्र नाही. मजुरीचे कागद नाहीत. सोबतचे लोक आहेत, त्यातले दोघे अजून तिथेच कामाला आहेत.

कामगारवकील

सोबत्यांची साक्ष चालते, पण जे अजून कामावर आहेत ते पुढे यायला घाबरतात, त्यांच्यावर जबरदस्ती करू नका. आधी काम सोडलेले गाठा. बँक खात्यात मजुरी जमा झाली असेल तर त्या नोंदी. पीएफ कधी कापला गेला असेल तर तो क्रमांक. ठेकेदाराने उचल दिली असेल त्याची चिठ्ठी. गेटवरची नोंद, जिनात अपघात झाला असेल तर त्याचे दवाखान्याचे कागद.

आणि दवाखान्यातला केसपेपर. डॉक्टरांना सांगा की 'व्यवसाय' या रकान्यात 'मजूर' लिहू नका. 'कापूस जिनिंग, रेच्यावर, अमुक ते अमुक साल' असं लिहा. पुढे दाव्याच्या सुनावणीत त्या एका ओळीला फार वजन येतं, कारण ती दावा करायच्या आधी लिहिलेली असते.

श्वसनवैद्य

सहमत. आणि आमच्या लोकांकडून हे होत नाही, ही खंत आहे. पैनगंगा, वडिलांना स्पायरोमेट्रीला आणा. काम सोडून बराच काळ झाला असेल तर पाळीआधी-पाळीनंतरची तुलना आता होणार नाही, पण पंपाच्या औषधाआधी आणि नंतर फुंकून किती फरक पडतो ते बघता येईल. त्यावरून किती परत मिळण्यासारखं आहे याचा अंदाज येईल. आईंनाही सोबत आणा, त्या झाडायच्या कामावर होत्या असं तुम्ही लिहिलं आहे.

हातमजूर

डॉक्टरसाहेब, ते फुकायची नळी कुठी भेटते? आमी आठ-दहा जन मिळून एक घेऊ का? का एकायची एकायलेच लागते?

श्वसनवैद्य

औषधांच्या मोठ्या दुकानात मिळते, नसेल तर मागवून देतात. मीटर एकच चालेल, तोंडात धरायचा भाग मात्र प्रत्येकाचा वेगळा ठेवा, पुठ्ठ्याच्या वापरून फेकायच्या नळ्याही मिळतात. टीबीचा संशय असलेल्या माणसाने सामाईक मीटर वापरू नये. वही प्रत्येकाची वेगळी. तारीख, कामाआधी, कामानंतर, आणि त्या दिवशी कुठल्या कामावर होतात तेही लिहा: रेचा, गंजी, झाडू की प्रेस. पहिला आकडा शक्यतो जिन सुरू व्हायच्या आधी घ्या. सुरू झालं असेल तर उद्यापासून घ्या.

हातमजूर

आमचं सोमवारी सुरू होनार हाय. शनवारी आननार.